यंत्राचे नियम कोण लिहितो? नव्या वर्षाच्या वाचनासाठी एक आढावा

२०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांची अर्थशास्त्राची नोबेल पारितोषिके एकापाठोपाठ ठेवून पाहावीत. पहिले क्लॉडिया गोल्डिन यांना मिळाले. स्त्रियांचे श्रम आणि त्यांचा मोबदला यांचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांनी उलगडला. दुसरे डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना मिळाले. देशाची भरभराट तिथल्या संस्थांवर कशी अवलंबून असते, हा त्यांचा अभ्यासविषय. तिसरे जोएल मोकिर, फिलिप अघियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळाले. नवे तंत्र जुन्याला सतत बाजूला सारत राहते तेव्हाच आर्थिक वाढ टिकते, हे त्यांनी मांडले. विषय वेगवेगळे असले तरी तिन्ही पारितोषिकांच्या मुळाशी एकच चिंता आहे. नवे यंत्र आल्यावर कोणाचे जगणे सुधारते, कोणाचे विस्कटते आणि हे ठरवतो कोण?

नव्या वर्षात तंत्रज्ञान, अर्थकारण आणि समाज यांविषयी काही भरीव वाचायचे असेल, तर याच प्रश्नाचा धागा धरून वाचावे, असे मला वाटते. या विषयावर दर महिन्याला ढीगभर पुस्तके निघतात. त्यांतली बरीचशी एक तर यंत्राची आरती ओवाळतात किंवा त्याच्या नावाने बोटे मोडतात. दोन्ही प्रकारांत माणूस नुसता बघ्या असतो. या आढाव्यात घेतलेली पुस्तके वेगळी आहेत. यंत्रासोबत नेहमी काही नियम येतात, ते नियम माणसे करतात आणि माणसेच ते बदलतात, हे त्यांतून वेगवेगळ्या काळाच्या आणि देशांच्या पुराव्यांनिशी कळते.

जुना वाद

सुरुवात डेव्हिड रिकार्डोपासून करावी. त्याचा अर्थशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ १८१७ साली निघाला. १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले आणि आपले पूर्वीचे मत बदलले आहे, हे तिथेच स्पष्ट सांगितले. यंत्राने मालकाचे उत्पन्न वाढत असतानाच मजुराचे नुकसान होऊ शकते आणि यंत्राविरुद्धची मजुरांची तक्रार अज्ञानातून आलेली नसते, हे त्याने मान्य केले. बाजारपेठेच्या स्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता पुराव्यापुढे मान तुकवतो, म्हणून हे प्रकरण आजही वाचावे.

रिकार्डोने ज्यांची तक्रार खरी मानली त्या मजुरांचे जग ई. पी. थॉम्प्सन यांच्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ (१९६३) या ग्रंथात भेटते. नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी १८११ पासून मागांची मोडतोड सुरू केली. १८१२ मध्ये पार्लमेंटने या गुन्ह्याला फाशीची तरतूद केली. हे लोक यंत्र दिसेल तिथे घण घालत नव्हते, हे थॉम्प्सन दाखवतात. जे मालक मजुरी पाडत होते आणि हलका माल काढून धंद्याची पत घालवत होते, त्यांचे माग फोडले जात आणि शेजारच्या मालकाचे शाबूत राहत. भांडण मजुरी आणि धंद्याची रीत यांवरून चालले होते. ग्रंथ जाडजूड आहे. सगळा झेपणार नसेल तर हातमागवाल्यांवरचा आणि या दंग्यांवरचा भाग तरी वाचावा.

कारागिरांची भीती अनाठायी नव्हती, हे रॉबर्ट ॲलन यांनी आकड्यांनी दाखवले. १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागचे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले आणि खरी मजुरी जेमतेम १२ टक्क्यांनी. म्हणजे दोन पिढ्या राबल्या आणि वाढीव फळ दुसऱ्यांच्या घरात गेले. ‘शेवटी सगळ्यांचे भलेच होते’ असे आपण सहज म्हणतो. त्या ‘शेवटी’च्या आत किती आयुष्ये संपतात, याचे भान हा एक आकडा देतो. कार्ल बेनेडिक्ट फ्राय यांचे ‘द टेक्नॉलॉजी ट्रॅप’ (२०१९) हेच सूत्र पुढे नेते. कारागीर बंड करतील या धास्तीने अनेक शतके राज्यकर्त्यांनी यंत्रे अडवून धरली. औद्योगिक क्रांतीच्या ब्रिटनमध्ये सरकार पहिल्यांदाच ठामपणे यंत्रमालकांच्या बाजूने उभे राहिले. मजुराला ढकलून देणारे यंत्र आणि मजुराच्या हाताला बळ देणारे यंत्र यांत ते जो फरक करतात, तो पुढच्या सगळ्या वाचनात उपयोगी पडतो.

याच वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे अलीकडचे पुस्तक म्हणजे असेमोग्लू आणि जॉन्सन यांचे ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ (२०२३). हजार वर्षांचा पट आहे. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका वृद्ध धर्माधिकाऱ्याने पवनचक्की बांधली. दळणाचा हक्क आपल्या मठाचा आहे, असे सांगून मठाधिपतीने ती उतरवायला लावली. वारा कोणाच्याही मालकीचा नसतो, पण दळणावळीवर मालकी सांगता येते. अमेरिकेत १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र आले. त्याने कापसाची लागवड पसरली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही दक्षिणेच्या नव्या मुलखांत पसरली. यंत्राने श्रम वाचवले, पण राबणाऱ्याची सुटका झाली नाही. लेखकांचा निष्कर्ष असा की तंत्राचा लाभ समाजभर पसरला तो कामगार संघटना, मताधिकार आणि कायदे यांनी सत्तेची घडी बदलली तिथेच. इतिहासाचा भाग भक्कम आहे. उपायांचा भाग त्या मानाने पातळ आहे. डिजिटल जाहिरातींवर कर बसवावा यासारख्या सूचना विचार करण्याजोग्या आहेत, पण शेतमजूर आणि फेरीवाला यांच्या देशात त्यांचे काय होईल, हे तिथे सापडत नाही.

दुसऱ्या बाजूचे मतही तितक्याच आदराने वाचायला हवे. मोकिर यांच्या ‘अ कल्चर ऑफ ग्रोथ’मध्ये (२०१६) नजर ज्ञानाकडे आहे. निसर्गाचा अभ्यास माणसाच्या उपयोगी पडू शकतो ही श्रद्धा आणि देशोदेशींच्या विद्वानांचा पत्रव्यवहार यांतून युरोपात शोधांची साखळी तुटेनाशी झाली, असे ते म्हणतात. रॉबर्ट गॉर्डन यांच्या ‘द राइज अँड फॉल ऑफ अमेरिकन ग्रोथ’मध्ये (२०१६) वीज, नळाचे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि मोटार यांनी १८७० ते १९७० या शतकात सामान्य अमेरिकन घराचा कसा कायापालट केला, हे तपशिलाने येते. संगणकयुगाने तेवढा पल्ला गाठलेला नाही, असे त्यांचे मत आहे. ही पुस्तके वाचली की यंत्राविषयीची कृतज्ञता जागी राहते. ती राहायलाच हवी. घरात नळ आल्याने बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरतो, ही प्रगतीच आहे.

गिरणगावाचा पुरावा

हा सगळा वाद मराठी वाचकाला परका नाही. तो मुंबईत प्रत्यक्ष घडला आहे. पार्श्वभूमीसाठी धनंजयराव गाडगीळ यांचे ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया’ (१९२४) अजूनही उपयोगाचे आहे. केंब्रिजमध्ये लिहिलेला हा प्रबंध जुन्या कारागिरीची पडझड आणि कारखान्यांचा उदय एकाच चौकटीत बसवतो. गाडगीळ पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर होते. यंत्राची मालकी शेतकऱ्यांच्या हाती देता येईल का, हा प्रश्न त्यांनी कागदावरून मैदानात नेला.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. राजनारायण चंदावरकर यांच्या ‘द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया’मध्ये (१९९४) गिरणीच्या दाराबाहेरची मुंबई दिसते: गावाकडची शेती, चाळ, खानावळ, कामगार भरती करणारा जॉबर, सावकार. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपामागे मुख्य कारणांत एक हे होते की विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) चालवावेत, असा मालकांचा आग्रह होता. साचा तोच होता. एका माणसाने किती साचे सांभाळायचे आणि उरलेल्या माणसाचे काय करायचे, हा नियमाचा प्रश्न होता.

त्याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणखी एक नियम चव्हाट्यावर आणला. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर हाती घेत नसत. इंग्लंडातून आलेले यंत्र मुंबईत येताच जातीच्या चौकटीत बसवले गेले. तंत्रज्ञान आणि समाज यांच्या नात्याबद्दल याहून बोलके उदाहरण मला कोणत्याही परदेशी पुस्तकात भेटलेले नाही.

म्हणूनच गांधी आणि आंबेडकर यांचे यंत्रांविषयीचे लेखन एकत्र वाचावे. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधीजी मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना गुलाम झालेले पाहतात आणि यंत्रसंस्कृतीच नाकारतात. पुढे १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली, कारण ते राबणाऱ्या हातांचे कष्ट हलके करते. आंबेडकरांचे उत्तर ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ (१९४५) या ग्रंथातल्या गांधीवादावरच्या प्रकरणात आहे. यंत्रयुगाने अनर्थ केले हे ते नाकारत नाहीत. मात्र दोष ते यंत्राला देत नाहीत. खासगी मालकी आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला देतात. माणसाला माणूस म्हणून वाढायचे तर त्याला फुरसत हवी आणि ती यंत्राशिवाय मिळणार नाही, हा त्यांचा मुद्दा. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त अंगमेहनत आली त्यांच्या बाजूने हा विचार झालेला आहे. १९१८ चा त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंधही सोबत वाचावा. तुकडे लहान असणे हे खरे दुखणे नव्हे. भांडवल कमी आहे आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार जास्त आहे, तो उद्योगांनी उचलला पाहिजे, असे त्यांचे निदान आहे. हे सर्व महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथखंडांत उपलब्ध आहे.

गिरणगावाचा शेवट समजून घ्यायला मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचे ‘वन हंड्रेड इयर्स वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) घ्यावे. त्यात गिरणी कामगार, त्यांच्या घरच्या बाया, शाहीर आणि पुढारी स्वतःच्या तोंडाने बोलतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या आपले विणकाम आधीच भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकवू लागल्या होत्या. तिथे संघटना नव्हती आणि मजुरी कमी होती. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा पार आक्रसला. कोणत्याही नव्या यंत्राने केले नसते एवढे नुकसान नियमातल्या एका दुरुस्तीने केले.

शेत, पाणी, ऊस

शेतीविषयी वाचताना जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पासून (१८८३) सुरुवात करावी. विलायतेतल्या यंत्रांवर तयार झालेल्या मालाने इथल्या कारागिरांची कशी उपासमार केली, हे फुले सांगतात. त्याच पुस्तकात ते सरकारकडून बंधारे, पाणीपुरवठा, जनावरांच्या सुधारित जाती आणि शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण मागतात. नव्या विद्येला त्यांचा विरोध नव्हता. ती भट आणि गोरे अधिकारी यांच्या कब्जातून सुटून कुणब्याच्या हाती यावी, ही त्यांची तळमळ होती. शंभर वर्षांनी शरद जोशींनी शेतकऱ्याच्या बाजारस्वातंत्र्याला तंत्रज्ञानस्वातंत्र्याची जोड दिली. कोणते बियाणे पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, ही त्यांची भूमिका होती. ती पटो वा न पटो, भानू काळे यांच्या ‘अंगारवाटा’ या जोशींच्या चरित्रातून ती नीट समजते. बियाण्याच्या निवडीचे स्वातंत्र्य आणि बियाणे कंपनीच्या मक्तेदारीचा धोका या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्याकडचा वाद बहुधा यांतली एकच बाजू धरून चालतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीविषयी जे जे हाती लागेल ते वाचावे. पाणी उपसायचे पंप इतर गावांतही होते. वेगळा होता तो पाणीवाटपाचा नियम. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला मनाई झाली. पंपाला आणि पाइपाला हे सुचणे शक्य नव्हते. ते माणसांनी एकत्र बसून ठरवले.

वारणानगरचा अनुभव याला जोडून पाहण्यासारखा आहे. १९९८ मध्ये तिथल्या ऊस उत्पादकांच्या गावांत संगणक केंद्रे उभी राहिली आणि ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. काही वर्षांनी बेंगळुरूच्या संशोधकांनी पाहिले तेव्हा शेतकरी ती केंद्रे प्रामुख्याने आपल्या उसाच्या नोंदी विचारायला वापरत होते. तेवढे काम साध्या मोबाइलच्या संदेशाने स्वस्तात होते, हे त्यांनी काही गावांत करून दाखवले. त्या संशोधकांपैकी केंटारो टोयामा यांनी पुढे ‘गीक हेरेसी’ (२०१५) लिहिले. तंत्र हे माणसांच्या मूळच्या कुवतीला आणि इच्छेला मोठे करते, हा त्यांचा सिद्धांत. चांगल्या शाळेत संगणक आला तर शाळा आणखी चांगली होते. मोडकळीला आलेल्या शाळेत तो कपाटात पडून राहतो. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे पुस्तक वाचावे.

सरकारच्या हातातला संगणक

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. नंदन नीलेकणी आणि विरल शहा यांच्या ‘रीबूटिंग इंडिया’मध्ये (२०१५) या योजनेमागचे स्वप्न आहे: मधले दलाल हटतील आणि गरिबाच्या हक्काचे पैसे थेट त्याच्या खात्यात पडतील. रितिका खेरा यांनी संपादित केलेले ‘डिसेंट ऑन आधार’ (२०१९) त्याच योजनेची दुसरी बाजू मांडते. बोटांचे ठसे जुळत नाहीत, जोडणी होत नाही, म्हणून रेशन थांबते. यंत्राचा निकाल अंतिम मानला की दाद मागायची कोणाकडे, हा तिथला प्रश्न आहे.

या दोहोंतला तिढा सोडवायला कार्तिक मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी यांचे प्रयोग फार मदत करतात. आंध्र प्रदेशात रोजगार हमी आणि निवृत्तिवेतन ठसे घेऊन देणारी कार्डे आली, तेव्हा पैसे लवकर मिळू लागले, गळती घटली आणि गरीब वगळले गेल्याचा पुरावा मिळाला नाही. झारखंडमध्ये रेशन दुकानांत आधारची पडताळणी सक्तीची झाली, तेव्हा गळतीत फरक पडला नाही आणि लोकांचे हेलपाटे मात्र वाढले. पुढे जिथे गळती घटली तिथे खरे लाभार्थीही वगळले गेले. ठसे घेण्याचे तंत्र दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. आंध्रमध्ये भर लाभार्थ्याला पैसे नीट मिळण्यावर होता आणि ठसा न जुळल्यास दुसरी सोय होती. झारखंडमध्ये भर सरकारी खर्च वाचवण्यावर होता. मुरलीधरन यांचा ‘ॲक्सिलरेटिंग इंडियाज डेव्हलपमेंट’ (२०२४) हा ग्रंथ सरकारी यंत्रणेची कुवत कशी वाढवायची याचा मोठा आराखडा आहे. प्रशासनात काम करणाऱ्यांनी तो टेबलावर ठेवावा. त्यासोबत जेम्स स्कॉट यांचे ‘सीईंग लाइक अ स्टेट’ (१९९८) वाचावे. राज्यसंस्थेला माणसे नोंदीत मावतील अशी हवी असतात आणि त्या हव्यासात स्थानिक शहाणपण कसे चिरडले जाते, हे स्कॉट दाखवतात.

दृष्टी बदलणारी चार पुस्तके

रूथ श्वार्ट्झ कोवन यांचे ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) घरातल्या यंत्रांचा हिशोब मांडते. अमेरिकेत धुलाईयंत्रे आणि झाडूयंत्रे आली, तरी गृहिणीचे तास घटले नाहीत. पुरुष, मुले आणि नोकर यांच्याकडची कामे संपली, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि त्या तिच्या एकटीच्या गळ्यात पडल्या. गोल्डिन यांचे ‘करिअर अँड फॅमिली’ (२०२१) याच प्रश्नाला ऑफिसच्या बाजूने भिडते. डेव्हिड एजर्टन यांचे ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) सांगते की लोकांचे जगणे ज्यावर चालते ती तंत्रे बहुधा जुनी असतात. सायकल आणि पन्हळी पत्रा यांचा इतिहास रॉकेटइतकाच महत्त्वाचा आहे. मार्क लेव्हिन्सन यांचे ‘द बॉक्स’ (२००६) एका लोखंडी पेटीची कथा आहे. १९५६ साली अशा ५८ पेट्या घेऊन एक जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला गेले. सुटा माल चढवायला टनामागे जवळपास सहा डॉलर लागत, तिथे सोळा सेंटच्या आसपास खर्च आला. जगाचा व्यापार बदलला आणि जुन्या बंदरांतल्या गोदी कामगारांची वस्ती उठली. मुंबई बंदर आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा यांच्यामध्ये जे घडले ते समजून घ्यायचे, तर हे पुस्तक हाती घ्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्ता

आता आजच्या गदारोळाकडे वळू. इथे सर्वांत आधी अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांचे ‘एआय स्नेक ऑइल’ (२०२४) वाचावे. मजकूर आणि चित्रे तयार करणारी प्रणाली वेगळी आणि माणसाचे भवितव्य वर्तवण्याचा दावा करणारी प्रणाली वेगळी, हे ते समजावून सांगतात. कोण गुन्हा करेल, कोण नोकरीत टिकेल अशी भाकिते करणारी साधने दावा करतात तेवढी कामाची नसतात. तरीही त्यांच्या भरवशावर माणसांविषयीचे निर्णय घेतले जातात.

मेरी ग्रे आणि सिद्धार्थ सुरी यांचे ‘घोस्ट वर्क’ (२०१९) या यंत्रांमागच्या माणसांपर्यंत नेते. भारतात आणि अमेरिकेत घरी बसून चित्रांना नावे देणारी, मजकूर तपासणारी माणसे त्यात भेटतात. त्यांना ना साहेब दिसतो, ना तक्रार करायची जागा. कॅरेन हाओ यांचे ‘एम्पायर ऑफ एआय’ (२०२५) हेच चित्र केनियातल्या कामगारांपर्यंत आणि चिलीतल्या पाण्यापर्यंत नेते. क्रिस मिलर यांचे ‘चिप वॉर’ (२०२२) या सगळ्याखालच्या सिलिकॉनचे राजकारण सांगते.

मला सर्वांत जवळचे वाटले ते मधुमिता मुर्गिया यांचे ‘कोड डिपेंडंट’ (२०२४). जगभरच्या माणसांच्या कथांत एक कथा नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाडा इथल्या रुग्णालयाची आहे. तिथे छातीचे एक्स-रे तपासून क्षयरोगाची शंका सांगणारी प्रणाली वापरली गेली. आदिवासी रुग्णांना ओळखणारी, त्यांची भाषा बोलणारी डॉक्टर तिथे होती, म्हणून त्या यंत्राला अर्थ होता. टेंभली आणि चिंचपाडा एकाच जिल्ह्यात आहेत. देशाच्या डिजिटल योजनेचा आरंभ ज्या जिल्ह्यात झाला, तिथेच या नव्या यंत्राची पारख होते आहे. यंत्राचे उत्तर पडताळायला आणि गरज पडली तर ते नाकारायला अधिकार असलेला माणूस जवळ आहे की नाही, यावर त्या पारखीचा निकाल ठरतो.

नोकऱ्यांचे काय, या प्रश्नावर नोबेलविजेत्यांतही एकमत नाही. असेमोग्लू यांच्या २०२४ च्या हिशोबानुसार पुढच्या दहा वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्पादकतेत एकूण एक टक्काही भर पडणार नाही. अघियाँ बरेच आशावादी आहेत. गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांचे ‘द रेस बिटवीन एज्युकेशन अँड टेक्नॉलॉजी’ (२००८) इथे दिशा दाखवते. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात अमेरिकेत माध्यमिक शिक्षण झपाट्याने पसरले, म्हणून यंत्रयुगाचा लाभही पसरला. १९८० च्या सुमारास शिक्षणाची गती मंदावली आणि विषमता वाढली. आपल्याकडच्या आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांचा प्रश्न हा कृत्रिम बुद्धिमत्तेचाही प्रश्न आहे. तो शिक्षण खात्यापुरता सोडून चालणार नाही.

मराठीतली पोकळी

या आढाव्यातली बहुतेक पुस्तके इंग्रजी आहेत, हे खटकायला हवे. आपल्याकडे पाया आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा जो अभ्यास केला त्याने देशाचे धोरण हलवले. अच्युत गोडबोले यांच्या ‘अर्थात’ने अर्थशास्त्र आणि गिरीश कुबेर यांच्या ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ने तेलाचे राजकारण सामान्य वाचकापर्यंत नेले. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’मध्ये एक गाव आपल्या जंगलाचे नियम स्वतः कसे करते, ते दिसते. पण भिवंडीचा यंत्रमाग, उसाच्या फडात शिरलेले तोडणीयंत्र आणि त्यामुळे बीडच्या ऊसतोड टोळ्यांवर येणारे संकट, पुण्याच्या रस्त्यांवर ॲपच्या हुकमावर धावणारी मुले, ऑनलाइन सातबारा यांवर थॉम्प्सन यांच्या तोलाचे मराठी पुस्तक अजून लिहिले जायचे आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी ॲपवर आणि कंत्राटी फुटकळ कामांवर जगणारी ७७ लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. त्यांच्या कामाचे नियम आत्ता लिहिले जात आहेत. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. महाराष्ट्रात तशी चर्चा उभी राहायची, तर ती मराठीतच व्हायला हवी.

वाचनाचा क्रम सांगायचा तर असा. वेळ कमी असेल त्यांनी रिकार्डोचे यंत्रांवरचे प्रकरण, आंबेडकरांचे गांधीवादावरचे प्रकरण आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ एवढे वाचावे. तीन आठवड्यांचे काम आहे. वर्षभर वाचणाऱ्यांनी त्यात ‘पॉवर अँड प्रोग्रेस’, मेनन आणि आडारकर यांचे गिरणगाव, मुरलीधरन आणि ‘कोड डिपेंडंट’ यांची भर घालावी. शक्य तर हे एकट्याने वाचू नये. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत. १९६७ चा ग्रंथालय कायदा त्यांच्या पाठीशी आहे. त्यांतल्या एखाद्यात महिन्याला एक पुस्तक घेऊन बसावे. इंग्रजी पुस्तक इंग्रजी येणाऱ्याने वाचावे आणि इतरांना मराठीत सांगावे. बैठकीच्या शेवटी आपल्याच गावातले एक नवे यंत्र घ्यावे: रेशन दुकानातले ठशांचे मशीन, बाजार समितीतला वजनकाटा, शाळेतला टॅब. त्याचे नियम कोणी केले, चूक झाली तर दाद कुठे मागायची, आणि वाचलेला पैसा व वेळ कोणाकडे गेला, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर सापडले नाही तर ग्रामसभेत, नगरसेवकाकडे किंवा माहितीच्या अधिकारात ते मागावे. या विषयावरच्या वाचनाचे खरे चीज तिथे होईल.